जेसन स्ट्रिंगमधील एस्केप वर्ण अचूक कसे उलगडावेत

जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरले जाणारे मजकुराचे एक रूप) वाचून त्यातील मूल्ये काढणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, लिहिताना कंस, स्वल्पविराम आणि आकडे यांचे काम तुलनेने सरळ असते. चुका लपून बसतात त्या दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, आणि त्यांतल्याही बहुतेक बॅकस्लॅशभोवती. चाचणीसाठी घेतलेल्या मजकुरात बॅकस्लॅश क्वचितच असतो. त्यामुळे प्रोग्राम कित्येक महिने बिनबोभाट चालतो आणि एखाद्या ग्राहकाने पत्त्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या किंवा विंडोजवरील फाइलचा मार्ग चिकटवला की मगच बिंग फुटते.

पुढील सर्व पायऱ्या एकाच नियमातून निघतात: एस्केप (थेट न लिहिलेल्या वर्णाऐवजी येणारी, बॅकस्लॅशने सुरू होणारी खूण) उलगडण्याचे, म्हणजे त्या जागी मूळ वर्ण ठेवण्याचे, काम डावीकडून उजवीकडे, एकाच फेरीत, एकाच ठिकाणी आणि एकदाच व्हायला हवे. तयार लायब्ररी उपलब्ध असेल तर ती वापरावी, याबद्दल दुमत नसावे. स्वतःचा पार्सर लिहिण्याची वेळ येते ती लहान मायक्रोकंट्रोलरवर, तुकड्यातुकड्याने येणारा मोठा प्रवाह वाचताना, किंवा कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेला पार्सर दुरुस्त करताना. मात्र थरांविषयीचा भाग लायब्ररी वापरणाऱ्यांनीही वाचावा, कारण तिथली चूक लायब्ररी पकडू शकत नाही.

लेखनाविषयी एक खुलासा. या लेखात कोडमधील रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराने लिहिली आहेत. \एन म्हणजे बॅकस्लॅश आणि त्याला लागून छोटे रोमन एन, तर \यू0939 म्हणजे बॅकस्लॅश, छोटे रोमन यू आणि त्यापुढे चार अंक. कोडमधील अंक मुद्दाम 0 ते 9 असे इंग्रजी वळणाचे ठेवले आहेत. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिली पायरी: नियम नेमका वाचणे

जेसनचे सध्याचे अधिकृत वर्णन डिसेंबर २०१७ मधील आरएफसी ८२५९ आणि एक्मा-४०४ या दोन दस्तऐवजांत आहे. स्ट्रिंगविषयीचा नियम आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. अवतरणचिन्हांच्या आत तीनच गोष्टी थेट लिहिता येत नाहीत: दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश आणि ज्यांचे युनिकोड मूल्य (सर्व लिप्यांतील वर्णांना दिलेल्या प्रमाण क्रमांकांपैकी त्यांचा क्रमांक) ० ते ३१ आहे असे नियंत्रण वर्ण. बाकी सर्व काही, म्हणजे देवनागरी, मोडी, इमोजी, इतकेच काय तर १२७ मूल्याचा डिलीट वर्णसुद्धा, जसाच्या तसा लिहिलेला चालतो. मराठी मजकूर जेसनमध्ये एस्केप करावाच लागतो हा समज सर्वत्र आढळतो, पण त्याला नियमाचा आधार नाही.

बॅकस्लॅशनंतर काय येऊ शकते, याची यादीही तितकीच आखूड आहे. \" म्हणजे अवतरणचिन्ह, \\ म्हणजे बॅकस्लॅश, \/ म्हणजे साधा तिरका दंड, \बी म्हणजे बॅकस्पेस, \एफ म्हणजे फॉर्मफीड, \एन म्हणजे नवी ओळ, \आर म्हणजे कॅरेज रिटर्न आणि \टी म्हणजे टॅब. नववा प्रकार \यू आणि त्यापुढे नेमके चार षोडशमान अंक, म्हणजे सोळाच्या पायातील, 0 ते 9 आणि ए ते एफ यांनी लिहिलेले अंक. यादी इथे संपते. एकेरी अवतरणचिन्हाचा एस्केप, \एक्स, \व्ही किंवा शून्याचा एस्केप यांपैकी काहीही जेसनमध्ये नाही. हे सारे जावास्क्रिप्ट किंवा सी भाषेच्या सवयीतून येते. यादीतील प्रत्येक अक्षर छोट्या लिपीतच हवे. मोठ्या लिपीतील एन किंवा यू चालत नाही. षोडशमान अंकांमधील ए ते एफ मात्र छोटे किंवा मोठे कसेही असू शकतात.

या आठांपैकी \/ हमखास विसरला जातो, कारण लिहिताना तो ऐच्छिक आहे. पीएचपीचे जेसन लिहिणारे फंक्शन मात्र मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक तिरक्या दंडाआधी बॅकस्लॅश घालते, त्यामुळे 15/08/2024 ही तारीख 15\/08\/2024 अशी येते. घरगुती पार्सरमधून बाहेर पडलेल्या तारखांत आणि संकेतस्थळांच्या पत्त्यांत बॅकस्लॅश दिसू लागले, तर सर्वात आधी इथे पाहावे.

दुसरी पायरी: स्ट्रिंग कोठे संपते हे ठरवणे

अनेक जण आधी स्ट्रिंगचा शेवट शोधतात, मधला तुकडा कापून घेतात आणि मग त्यातील एस्केप उलगडतात. शेवट शोधताना वापरली जाणारी कसोटी बहुधा अशी असते: अवतरणचिन्ह दिसले आणि त्याच्या आधी बॅकस्लॅश नसेल, तर स्ट्रिंग संपली. ही कसोटी चुकीची आहे. पुढील ओळ पाहावी.

"पुणे\\"

शेवटच्या अवतरणचिन्हाच्या लगेच आधी बॅकस्लॅश आहे, तरीही स्ट्रिंग तिथेच संपते, कारण तो बॅकस्लॅश त्याच्या आधीच्या बॅकस्लॅशने एस्केप केलेला आहे. वरील कसोटी वापरणारा पार्सर हे अवतरणचिन्ह ओलांडून पुढे जातो, पुढच्या रकान्याचे नाव मूल्यात ओढून घेतो आणि बऱ्याच पुढे कुठेतरी अगदी असंबद्ध त्रुटी देतो. मागे जाऊन बॅकस्लॅशांची संख्या मोजायची आणि ती सम असेल तर शेवट मानायचा, हा उपाय उत्तर बरोबर देतो; परंतु प्रत्येक अवतरणचिन्हापाशी मागे मोजत बसण्यापेक्षा पुढे जातानाच अवस्था लक्षात ठेवणे सोपे आणि अधिक वेगवान असते. शेवट शोधणे आणि एस्केप उलगडणे ही दोन वेगळी कामे न मानता एकच लूप लिहावा, हे त्याहून बरे.

तिसरी पायरी: शोधा-आणि-बदला हा मार्ग सोडणे

प्रत्येक एस्केपसाठी एक अशा आठ-नऊ रिप्लेस ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, असा कोड पाहताक्षणी तो सदोष आहे असे खुशाल समजावे. डी ड्राइव्हवर रोमन एन या एकाक्षरी नावाचे फोल्डर आहे असे धरू. त्याचा मार्ग डी:\एन असा, म्हणून जेसनमध्ये तो पुढीलप्रमाणे येतो.

"डी:\\एन"

यात आधी \एन शोधून त्या जागी नवी ओळ घातली, तर दुसरा बॅकस्लॅश आणि एन मिळून एस्केप समजले जातात. हाती उरते डी:\ आणि त्यापुढे नवी ओळ. क्रम उलटा करून आधी \\ च्या जागी एक बॅकस्लॅश ठेवला, तर डी:\एन तयार होते आणि पुढच्याच रिप्लेसमध्ये त्यातील \एन ची पुन्हा नवी ओळ होते. म्हणजे दोन्ही क्रम चुकतात. दोष क्रमाचा नसून अनेक फेऱ्यांचा आहे: एका फेरीने तयार केलेला वर्ण दुसरी फेरी कच्चा माल म्हणून वाचते. \\ च्या जागी तात्पुरता कुठलातरी विचित्र खुणेचा मजकूर ठेवून शेवटी तो परत बदलण्याची युक्तीही प्रचलित आहे. ज्या दिवशी तीच खूण खऱ्या मजकुरात येईल, त्या दिवशी तीही फसेल.

चौथी पायरी: मुख्य लूप

आता प्रत्यक्ष रचना. सुरुवातीचे अवतरणचिन्ह वाचून झाले आहे आणि स्थान त्याच्या पुढच्या वर्णावर आहे, असे गृहीत धरले आहे. तक्ता म्हणजे पहिल्या पायरीतील आठ एस्केपांची यादी; यू_वाच या फंक्शनचे काम पाचव्या आणि सहाव्या पायरीत येईल.

```
स्ट्रिंग_वाच(मजकूर, स्थान):
    उत्तर = रिकामा बफर
    कायम:
        मजकूर संपला असेल तर: त्रुटी "स्ट्रिंग अपूर्ण"
        व = मजकूर[स्थान]
        व = " असेल तर: (उत्तर, स्थान + 1) परत
        मूल्य(व) < 32 असेल तर: त्रुटी "कच्चा नियंत्रण वर्ण"
        व = \ नसेल तर:
            उत्तरात व जोड;  स्थान = स्थान + 1;  पुढची फेरी
        मजकूर[स्थान + 1] नसेल तर: त्रुटी "अर्धवट एस्केप"
        ए = मजकूर[स्थान + 1]
        ए = यू असेल तर:
            (वर्ण, स्थान) = यू_वाच(मजकूर, स्थान + 2)
            उत्तरात वर्ण जोड, पुढची फेरी
        ए आठांच्या तक्त्यात नसेल तर: त्रुटी "अमान्य एस्केप"
        उत्तरात तक्ता[ए] जोड;  स्थान = स्थान + 2
```

बॅकस्लॅश दिसताच त्याच्या पुढचा वर्णही त्याच फेरीत संपवला जातो आणि उत्तरात गेलेला वर्ण पुन्हा कधीही तपासला जात नाही. मागच्या दोन पायऱ्यांतील दोन्ही चुका या रचनेत संभवतच नाहीत.

तक्त्यात नसलेल्या वर्णापाशी काय करावे, याबाबत मात्र मोह टाळावा लागतो. बॅकस्लॅश गाळून पुढचा वर्ण तसाच ठेवणे उदार वाटते. पण त्यामुळे पाठवणाऱ्याची चूक झाकली जाते आणि मार्गांतील, रेग्युलर एक्स्प्रेशनमधील बॅकस्लॅश गुपचूप नाहीसे होतात. त्रुटी द्यावी आणि ती उपयोगी असावी: कितव्या बाइटवर, कोणता वर्ण मिळाला, काय अपेक्षित होते. कच्च्या नियंत्रण वर्णांचेही तसेच. एक्सेलच्या रकान्यातून उचललेल्या मजकुरात खऱ्या नव्या ओळी असतात आणि त्या न एस्केप करता पाठवणारे पुष्कळ भेटतात. पायथॉनच्या जेसन मॉड्यूलमध्ये अशा मजकुरासाठी स्ट्रिक्ट नावाचा पर्याय बंद करता येतो. आपल्या पार्सरमध्येही अशी सवलत द्यायची असेल तर ती नाव असलेला, मुद्दाम चालू करावा लागणारा पर्याय म्हणूनच द्यावी.

वेगासाठी एक सुधारणा सहज करता येते. एकेक वर्ण जोडण्याऐवजी पुढचा बॅकस्लॅश, अवतरणचिन्ह किंवा नियंत्रण वर्ण येईपर्यंतचा सलग तुकडा एकदम उचलावा. मजकूर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) असेल तर ही शोधाशोध बाइटच्या पातळीवर करणे पूर्ण सुरक्षित आहे, कारण देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात आणि ३४ किंवा ९२ मूल्याचा बाइट त्यांत कधीच येत नाही. जपानी शिफ्ट-जिस संकेतनात ही हमी नाही; तिथे दोन बाइटच्या अक्षराचा दुसरा बाइट ९२ असू शकतो. आरएफसी ८२५९ ने खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ बंधनकारक केले असल्याने हा प्रश्न आता सहसा उद्भवत नाही.

पाचवी पायरी: चार अंकांचा एस्केप

'हळद' हा शब्द एस्केप केलेल्या रूपात असा दिसतो.

"\यू0939\यू0933\यू0926"

पहिल्या गटातील 0939 हे षोडशमान आहे: नऊ गुणिले २५६, अधिक तीन गुणिले १६, अधिक नऊ, म्हणजे २३६१. युनिकोडमध्ये हा क्रमांक ह या अक्षराचा आहे. यूटीएफ-८ मध्ये तो तीन बाइटांत जातो: ई0, ए4, बी9.

इथे धोका असतो तो चार अंक वाचण्यासाठी भाषेचे तयार फंक्शन बिनदिक्कत वापरण्यात. जावास्क्रिप्टचे पार्स-इंट फंक्शन अमान्य वर्ण दिसला की तिथेच थांबते आणि तोपर्यंतची संख्या त्रुटीशिवाय देते, त्यामुळे 09 आणि त्यापुढे दोन झेड असा मजकूर त्याला ९ वाटतो. पायथॉनचे इंट फंक्शन आधी अधिक-उणे चिन्ह, कडेची मोकळी जागा आणि अंकांमधील अधोरेषा स्वीकारते. आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक आहे: पायथॉनचे इंट आणि जावाचे पार्स-इंट ही दोन्ही फंक्शने देवनागरी अंकही अंक म्हणून ओळखतात. त्यामुळे ०९३९ असे देवनागरीत लिहिलेले चार वर्ण त्यांना दिले तरी २३६१ हेच उत्तर येते, आणि जे जेसन जगातील इतर प्रत्येक पार्सरने नाकारायला हवे ते आपला पार्सर हसत स्वीकारतो. मराठी कळफलकावर अंकांची अदलाबदल होणे काही दुर्मीळ नाही. म्हणून चारही वर्ण प्रत्येकी 0 ते 9 किंवा ए ते एफ याच कक्षेत आहेत ना, हे स्वतः तपासावे आणि त्यानंतरच संख्या काढावी.

संख्या नेमक्या चार अंकांची असते, कमी नाही आणि जास्तही नाही. \यू09391 याचा अर्थ ह आणि त्यापुढे साधा 1 असा होतो.

सहावी पायरी: सरोगेट जोड्या

चार षोडशमान अंकांत ६५,५३५ पर्यंतच मजल जाते, परंतु युनिकोड त्याच्या बरेच पुढे गेले आहे. बहुतेक इमोजी त्या पलीकडच्या भागात आहेत, आणि मोडी लिपीही: २०१४ मधील युनिकोड ७.० मध्ये ती 11600 या षोडशमान क्रमांकापासून समाविष्ट झाली. मोडीतील अ जेसनमध्ये एस्केप करायचा तर तो दोन भागांत लिहावा लागतो.

"\यूडी805\यूडीई00"

पहिला भाग डी800 ते डीबीएफएफ या कक्षेतील असतो. त्याला उच्च सरोगेट म्हणू. दुसरा डीसी00 ते डीएफएफएफ या कक्षेतील, तो निम्न सरोगेट. दोन्ही मिळून एक वर्ण होतो आणि त्याचा क्रमांक असा निघतो.

```
क्रमांक = 65536 + (उच्च - 55296) × 1024 + (निम्न - 56320)
        = 65536 + (55301 - 55296) × 1024 + (56832 - 56320)
        = 65536 + 5120 + 512
        = 71168
```

७१,१६८ म्हणजेच षोडशमान 11600. यूटीएफ-८ मध्ये याचे चार बाइट होतात. जोडी न जुळवता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तीन-तीन बाइटांत लिहिणारे पार्सर आढळतात. त्यांतून निघालेले सहा बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध नसतात आणि काटेकोर डेटाबेस ते नाकारतो.

खरी कसोटी लागते ती जोडी मोडलेली असते तेव्हा. लघुसंदेशाची लांबी ठरावीक ठिकाणी कापणाऱ्या प्रोग्राममुळे इमोजीचा पहिला अर्धा भाग उरतो आणि दुसरा गळतो, हे नेहमीचे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने एकटा सरोगेट जेसनमध्ये लिहिता येतो, पण तो कोणत्याच खऱ्या वर्णाचा निदर्शक नसतो, आणि आरएफसीने अशा वेळी परिणामांची शाश्वती नाही इतकेच म्हटले आहे. त्यामुळे प्रत्येक भाषेने आपापला मार्ग काढला. गो भाषेची प्रमाण लायब्ररी त्या जागी एफएफएफडी क्रमांकाचे बदली चिन्ह ठेवते. पायथॉन तो तसाच ठेवतो आणि पुढे कधीतरी तो मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहिताना त्रुटी येते, म्हणजे पार्सरपासून खूप दूर. जावास्क्रिप्टही तो तसाच बाळगते.

नवा पार्सर लिहिताना दोनच पर्याय योग्य वाटतात: त्रुटी देणे किंवा बदली चिन्ह ठेवणे. पैशाचे व्यवहार, ओळख, सही असे काही असेल तर पहिला. गप्पांचा किंवा प्रतिक्रियांचा मजकूर असेल तर दुसरा. दुसरा निवडल्यास एक बारकावा सांभाळावा. उच्च सरोगेटनंतर आणखी एक \यू आला, पण तो निम्न कक्षेतील नाही, तर फक्त पहिल्याच्या जागी बदली चिन्ह ठेवावे आणि दुसरा एस्केप नव्याने वाचायला घ्यावा. दोन्ही एकत्र गिळले तर इमोजीच्या अर्ध्या भागापाठोपाठ आलेले चांगले अक्षरही जाते.

थर मोजणे

आतापर्यंतचे सर्व काही बरोबर असूनही बॅकस्लॅशांची संख्या चुकू शकते, आणि प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ इथेच जातो. कारण जेसन क्वचितच एकटे प्रवास करते. ते पायथॉनच्या किंवा जावाच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेले असते, शेलच्या आदेशात असते, एसक्यूएलच्या वाक्यात असते किंवा दुसऱ्या जेसनच्या आत मूल्य म्हणून असते. यांतील प्रत्येक थराचे स्वतःचे एस्केप नियम आहेत आणि जो थर बाहेर आहे तो आधी उलगडला जातो.

जावामध्ये चाचणीसाठी "डी:\\एन" असे लिहिले की जावाचा कंपायलर आधी एक बॅकस्लॅश खाऊन टाकतो. पार्सरच्या हाती डी:\एन पडते, तो नव्या ओळीचा एस्केप समजतो, आणि दोष पार्सरला दिला जातो. चाचणीचा मजकूर कोडमध्ये लिहिण्याऐवजी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून वाचणे, हा यावरचा सर्वात निर्धोक उपाय आहे. पायथॉनमध्ये रॉ स्ट्रिंग वापरूनही भागते.

शेलमध्ये इको आदेशाबाबत सावध राहावे. बॅशमधील इको बॅकस्लॅशांना हात लावत नाही; झेडशेलमधील इको मात्र \एन दिसताच त्याची खरी नवी ओळ करतो. मॅकवर २०१९ पासून झेडशेल हा मूळ शेल आहे. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या मॅकवर कच्च्या नियंत्रण वर्णाची तक्रार करते. प्रिंटएफ आणि त्याला %एस हा नमुना दिला की दोन्हीकडे सारखेच वागणे मिळते.

डेटाबेसमध्येही असाच फरक आहे. मायएसक्यूएल आपल्या स्ट्रिंगमधील बॅकस्लॅश मूळ सेटिंगमध्ये स्वतः उलगडतो, तर पोस्टग्रेएसक्यूएल ९.१ पासून तो साधा वर्ण मानतो. एकाच वाक्याची दोन डेटाबेसांत दोन वेगळी मूल्ये साठतात. वाक्यात मूल्य चिकटवण्याऐवजी पॅरामीटर पाठवला की हा थर नाहीसा होतो.

जेसनच्या आत जेसन असेल तर बॅकस्लॅश कसे वाढतात, हे एकदा डोळ्यांनी पाहून ठेवावे. एका अवतरणचिन्हासाठी पहिल्या थरात एक बॅकस्लॅश लागतो, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सात.

```
पहिला थर:    \"
दुसरा थर:    \\\"
तिसरा थर:    \\\\\\\"
```

प्रत्येक थर आधीच्या सर्व बॅकस्लॅशांची दुप्पट करतो आणि अवतरणचिन्हासाठी एक जादा घालतो. उलट दिशेने, एखाद्या लॉगमध्ये अवतरणचिन्हाआधी सलग तीन बॅकस्लॅश दिसले, तर मजकूर दोनदा जेसनमध्ये गुंडाळला गेला आहे असे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येते. मात्र लॉग लिहिणारा प्रोग्राम स्वतःच मजकूर एस्केप करून दाखवत असेल तर एक थर त्याचा असतो. ही शंका फेडण्याचा साधा मार्ग म्हणजे स्ट्रिंगची लांबी छापणे. छापलेले रूप फसवते, लांबी फसवत नाही.

दुहेरी गुंडाळणी खरीच असेल तर पाठवणाऱ्याकडे ती थांबवावी. ते शक्य नसेल तर पार्सर दोनदा चालवावा: पहिल्या फेरीतून स्ट्रिंग मिळेल, दुसऱ्या फेरीतून वस्तू. जादा बॅकस्लॅश रिप्लेसने पुसून टाकणे म्हणजे तिसऱ्या पायरीत सोडलेली वाट पुन्हा धरणे होय.

लिहिणाऱ्या बाजूने

वाचणाऱ्याच्या बऱ्याच अडचणी लिहिणाऱ्याने स्ट्रिंग जोडून जेसन तयार केल्यामुळे उद्भवतात: आधी एक अवतरणचिन्ह, मग मूल्य, मग दुसरे अवतरणचिन्ह. जुन्या कृतिदेव फॉन्टमधील मजकूर हलवताना याची प्रचीती लगेच येते. त्या फॉन्टमध्ये अक्षरे रोमन वर्णांच्या जागांवर बसवलेली आहेत आणि ष साठी वापरली जाणारी जागा दुहेरी अवतरणचिन्हाची आहे. 'भाषा' हा शब्द साठवलेला असतो तो एच, के, के, ", के, के असा. पडद्यावर निर्दोष दिसणाऱ्या मजकुरात जिथे जिथे ष आहे, तिथे तिथे जेसनची स्ट्रिंग अकाली संपते. कृषी, वर्ष, विशेष हे शब्द असलेल्या नोंदी नेमक्या गळतात आणि इतर नीट जातात. अशा स्थलांतरात आधी प्रमाण लायब्ररीने जेसन लिहावे, पलीकडे ते पूर्ण उलगडावे आणि मगच युनिकोडमध्ये रूपांतर करावे. एस्केप शिल्लक असताना फॉन्टचे रूपांतर केले तर बॅकस्लॅशचेही रूपांतर होऊन बसते.

पायथॉन आणि पीएचपी या दोन्हींची मूळ सेटिंग देवनागरी अक्षरे \यू रूपात लिहिते. हे चुकीचे नाही, पण महाग आहे: हळद यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइटांत मावते, एस्केप केल्यावर अठरा लागतात, आणि फाइल उघडून काही वाचता येत नाही ते वेगळेच. पायथॉनमध्ये एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद करावा, पीएचपीमध्ये ५.४ पासून अनएस्केप्ड-युनिकोड हा पर्याय आहे. गो भाषा देवनागरीला हात लावत नाही; मात्र < > & ही तीन चिन्हे मूळ सेटिंगमध्ये एस्केप करते. तिची ही खबरदारी जेसन वेबपानाच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये थेट छापले जाते अशा प्रसंगासाठी आहे, कारण तिथे स्ट्रिंगच्या आतील </स्क्रिप्ट> हा मजकूरसुद्धा टॅग बंद करू शकतो. असे छापायचे नसेल तर ती बंद करता येते.

उलगडल्यानंतर

तपासणी, तुलना आणि गाळणी हे सारे उलगडलेल्या मूल्यावर करावे. आक्षेपार्ह शब्द किंवा धोकादायक टॅग कच्च्या जेसनमध्ये शोधणारी गाळणी चुकवायला एखादे अक्षर \यू रूपात लिहिले की पुरते. हाच नियम रकान्यांच्या नावांनाही लागू आहे. एका वस्तूत एक नाव हळद असे थेट आणि दुसरे त्याच्याच एस्केप रूपात असेल, तर ती दोन वेगळी नावे नसून एकाच नावाची पुनरावृत्ती आहे. ती पकडायची तर नावेही त्याच स्ट्रिंग वाचणाऱ्या फंक्शनमधून गेली पाहिजेत.

\यू0000 हा एस्केप जेसनमध्ये पूर्ण वैध आहे, पण सी भाषेतील स्ट्रिंग शून्य बाइटपाशी संपत असल्यामुळे त्यापुढील मजकूर तिथे दिसेनासा होतो. पोस्टग्रेएसक्यूएलचा जेसनबी प्रकार तो सरळ नाकारतो. पार्सरने तो बरोबर उलगडावा, लांबी वेगळी साठवावी आणि तो नको असेल तर नंतरच्या तपासणीत नाकारावा.

कमी मेमरीच्या यंत्रांसाठी एक दिलासा: यूटीएफ-८ मध्ये उलगडलेली स्ट्रिंग मूळ मजकुरापेक्षा कधीही लांब होत नाही. दोन बाइटांचा एक होतो, सहा बाइटांचे फार तर तीन आणि जोडीच्या बारा बाइटांचे चार. म्हणून वेगळा बफर न घेता त्याच जागेवर उलगडता येते.

चाचणी

नेहमीच्या मजकुराने या कोडची परीक्षा होत नाही. पुढील नोंदी तरी असाव्यात: रिकामी स्ट्रिंग, केवळ "\\", जिची लांबी एक, "\\यू0939", जिची लांबी सहा आणि जिच्यात ह नाही, तीनच अंकांवर संपणारा \यू, देवनागरी अंकांतील \यू, एकटा उच्च सरोगेट, एकटा निम्न, उलट क्रमातील जोडी आणि उच्च सरोगेटनंतर \एन. इंटरनेटवर मुक्तपणे उपलब्ध असलेला जेसन टेस्ट सूट नावाचा संग्रहही जोडावा. त्यातील फाइलींच्या नावाचे पहिले अक्षर वाय, एन किंवा आय असते: स्वीकारलेच पाहिजे, नाकारलेच पाहिजे आणि पार्सरच्या मर्जीवर.

यादृच्छिक चाचणी करताना वर्णसंच मुद्दाम लहान ठेवावा. बॅकस्लॅश, अवतरणचिन्ह, यू, डी, एन, 8, 0 आणि एखादे देवनागरी अक्षर इतक्यांतूनच स्ट्रिंग बनवल्या की विचित्र जुळण्या फार लवकर समोर येतात. प्रत्येकीचे उत्तर भरवशाच्या लायब्ररीशी ताडून पाहावे.

मजकूर तुकड्यांनी येत असेल तर आणखी एक चाचणी अनिवार्य आहे. तुकडा बॅकस्लॅशवर, \यू च्या दुसऱ्या अंकावर, सरोगेट जोडीच्या मध्ये किंवा देवनागरी अक्षराच्या दुसऱ्या बाइटवर तुटू शकतो. पार्सरने आपली अवस्था, आतापर्यंतचे अंक आणि प्रलंबित उच्च सरोगेट पुढच्या तुकड्यापर्यंत सांभाळले पाहिजेत. प्रत्येक चाचणी मजकूर शक्य त्या प्रत्येक बाइटवर दोन भागांत तोडून द्यावा आणि दर वेळी अखंड मजकुराचेच उत्तर येते का, हे पाहावे. मजकूर शंभर बाइटांचा असला तरी अशा चाचण्या नव्व्याण्णवच होतात, त्यामुळे त्या प्रत्येक बिल्डमध्ये चालवायला हरकत नाही.